पाळणा चार चाकांचा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी गेली अनेक वर्षे मी काही ना काही लिहीत आले आहे. विषय बहुधा ठरलेले असत : स्तनपान, लसीकरण, परीक्षेच्या दिवसांतील मुलांची पोटदुखी. या वर्षी संपादकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘मोटारीचे टायर’ असे उत्तर दिले आणि दूरध्वनीवर पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. बालरोगतज्ज्ञाने टायरविषयी लिहावे हा अव्यापारेषु व्यापारच, हे मला मान्य आहे. परंतु दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या मराठी वस्तीत ज्या घरातील एकही मूल कॅनडा, अमेरिका किंवा जर्मनीत नाही असे घर आता शोधावे लागते. नातवंडाच्या ओढीने आपण तिकडे जातो, ते पुष्कळदा हिवाळ्याच्या तोंडावर. आणि तेथे गेल्यावर आपण, म्हणजे आजी-आजोबा, न मागता सल्ले देतो. मीही दिला होता. त्या सल्ल्याची ही हकीकत आहे.

माझी कन्या आणि जावई प्रथम ओंटारिओ प्रांतात राहत होते. २०२३ च्या उन्हाळ्यात जावयांना माँट्रियल येथे नोकरी मिळाली आणि संसार क्वेबेक प्रांतात हलला. तत्पूर्वी त्यांनी एक वापरलेली, ऐसपैस मोटार घेतली होती. घरात चार महिन्यांचे बाळ म्हटल्यावर मोटार आलीच. व्हिडिओ कॉलवर जावयांनी आम्हांला ती चहूबाजूंनी दाखवली आणि विचारले, “आई, क्वेबेकमध्ये हिवाळी टायर वेगळे लागतात म्हणे. आत्ताच घ्यावेत का?” मी विचारले, “आहेत त्या टायरवर काय लिहिले आहे?” त्यांनी कॅमेरा जवळ नेला. टायरच्या अंगावर ‘एम अधिक एस’ अशी अक्षरे होती. एम म्हणजे मड, चिखल. एस म्हणजे स्नो, बर्फ. मोटार चारही चाकांना शक्ती पुरवणारी होती. विकणाऱ्याने ‘ही बर्फातही पळते’ असे सांगितलेच होते. मी निर्वाळा दिला, “मग आणखी खर्च कशाला? नवी बिऱ्हाडे मांडताय, पैसे जपा.”

वडोदऱ्यात जन्म काढलेल्या, जानेवारीत पारा दहा अंशांवर आला की स्वेटरवर शाल घेणाऱ्या बाईने हा निर्वाळा दिला, हे लक्षात घ्यावे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी माँट्रियलला पोहोचले. यजमान आपल्या शस्त्रक्रियांच्या यादीत अडकलेले असल्याने एकटीच. मुलीचे घर कोट-दे-नेज या भागात होते. या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘हिमाचा उतार’ असा होतो, हे मला नंतर कळले. आधी कळले असते तर बरे झाले असते.

एके दिवशी सकाळी नातीला तपासणीसाठी न्यायचे होते. आदल्या रात्री भुरभुर पाऊस पडून गेला होता. पारा शून्याच्या जेमतेम वर होता आणि रस्ता नुसता ओला दिसत होता. जावई गाडी चालवीत होते, शेजारी कन्या, मागे मी आणि मागे तोंड केलेल्या बाल-आसनात नात. उतारावरून खाली येताना समोरचा दिवा लाल झाला. जावयांनी ब्रेक दाबला. पायाखालून खडखड असा आवाज येऊ लागला, गाडीचे ब्रेक स्वतःच धरसोड करू लागले, आणि गाडी मात्र थांबण्याचे नाव घेईना. वेग काही फार नव्हता. तरीही आम्ही अगदी संथपणे, जणू कोणी पाठीमागून हलकेच ढकलत असावे तसे, थांब्याची रेषा ओलांडली, पादचाऱ्यांचे पट्टे ओलांडले आणि चौकात अर्धे शिरून थांबलो. एक बाई शाळकरी मुलाचा हात धरून पट्ट्यांवर पाऊल टाकण्याच्या बेतात होती. तिने मुलाला मागे ओढले. डावीकडून येणारी बस थांबली. कोणाला खरचटलेही नाही. नात तर जागीही झाली नाही.

त्या बाईने आमच्याकडे पाहिले आणि ती निघून गेली. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

तपासणी झाली. (दुसऱ्या बालरोगतज्ज्ञासमोर केवळ आजी म्हणून गप्प बसणे किती कठीण असते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) घरी आल्यावर बाळाला आसनातून काढताना मला दुसरे काही दिसले. थंडी म्हणून तिला जाड, कापूस भरल्यासारखा फुगीर पोशाख घातलेला होता आणि त्यावरून आसनाचे पट्टे बांधलेले होते. पट्टे घट्ट वाटत होते. मी तो पोशाख काढला, नुसत्या लोकरी झबल्यात तिला पुन्हा बसवले आणि पट्ट्यांची लांबी मुळीच न बदलता ते लावले. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये माझा तळहात सहज मावला. धडक बसली असती तर पोशाखातील हवा दबून तेवढी जागा मोकळी झाली असती आणि पट्टे असूनही बाळ पुढे फेकले गेले असते. बाल-आसनाविषयी मी पालकांना तीन दशके सांगत आले आहे. आपल्याकडे एवढ्या जाड पोशाखाचा प्रश्नच येत नाही, म्हणून ही गोष्ट मला माहीत असूनही डोळ्यांसमोर आली नाही. बाळाला जाड पोशाख घालून आसनात बांधू नये. पातळ पण उबदार कपड्यांवर पट्टे आवळावेत, खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये, आणि पांघरूण मग वरून घालावे.

एका सकाळी दोन चुका, आणि दोन्हींत माझा वाटा. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी टायरचा अभ्यास सुरू केला, तसा एम.डी.च्या वेळीही केला होता की नाही याची शंका आहे.

पहिली गोष्ट समजली ती रबराची. आपल्या घरी जानेवारीच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते, पण शेजारचे तिळाचे तेल वाहते राहते. दोन्ही तेलेच, परंतु थंडीत वागणूक निराळी. टायरच्या रबराचेही तसेच आहे. उन्हाळी किंवा ‘सर्व ऋतूंचा’ म्हणवणारा टायर सुमारे सात अंश सेल्सियसच्या खाली उतरत्या पाऱ्याबरोबर कडक होत जातो. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखळग्यांत बसत नाही, म्हणून पकड सुटते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण असे राखतात की शून्याखालीही तो मऊ राहतो. म्हणजे बर्फ पडण्याची वाट पाहायचीच नसते. कोरड्या रस्त्यावरसुद्धा थंडीत फरक पडतो. परत आल्यावर एका बालरुग्णाच्या वडिलांनी, जे टायर उद्योगातच काम करतात, मला हे अधिक नीट समजावून दिले. वाघोडिया तालुक्यातील लिमडा येथे अपोलो टायर्सचा कारखाना आहे हे आपण सर्व जाणतो. याच कंपनीने २००९ मध्ये हॉलंडमधील व्रेडेस्टाइन ही हिवाळी टायर बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली, हे मात्र मला त्यांच्याकडूनच कळले.

दुसरी गोष्ट टायरच्या पृष्ठभागाची. हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने चरे पाडावेत तशा असंख्य बारीक चिरा असतात. गाडी पुढे जाताना त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. शून्याच्या आसपासचा बर्फ अतिथंड बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. आमची सकाळ नेमकी तशीच होती. त्या पाण्याला या चिरा वाट देतात.

आता थोडे गणित. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १४ मीटरवर थांबते. घट्ट दबलेल्या बर्फावर तेच अंतर ५० मीटरच्या घरात जाते आणि निसरड्या, काचेसारख्या बर्फावर १०० मीटरच्या जवळ. घर्षणाचा गुणांक अनुक्रमे ०.७, ०.२ आणि ०.१ धरून मी हे कागदावर मांडले. हिशेब ढोबळ आहे, पण कागद जावयांसमोर ठेवल्यावर ते पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. हिवाळी टायर चमत्कार करीत नाहीत. ते हा गुणांक थोडा वाढवतात. औषधांच्या बाबतीतही आपण बहुधा एवढेच करीत असतो.

चारही चाकांना शक्ती मिळण्याच्या प्रश्नावर मात्र माझा सपशेल पराभव झाला. ती रचना गाडीला निघायला आणि चढ चढायला मदत करते. थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात, आणि ते अखेर रबराच्या पकडीवरच अवलंबून असतात. उलट, गाडी सुरुवातीला रुबाबात निघते म्हणून चालकाला निसरडेपणाचा अंदाजच येत नाही.

आणि ती ‘एम अधिक एस’ अक्षरे? ती केवळ टायरच्या नक्षीविषयी उत्पादकाने केलेले विधान आहे. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमस्फटिक. १९९९ मध्ये ही खूण उत्तर अमेरिकेत आली. दबलेल्या बर्फावरील ठरावीक चाचणी उतरल्यावाचून ती लावता येत नाही. क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले, डिसेंबर २०१४ पासून या डोंगराच्या खुणेवाचून टायर ग्राह्य धरणे बंद केले, आणि २०१९ मध्ये मुदत आधी ओढून १ डिसेंबर ते १५ मार्च अशी केली. न पाळल्यास दोनशे ते तीनशे डॉलर दंड. आमची घसरण नोव्हेंबरातली, म्हणजे त्या दिवशी आम्ही कायद्याने निर्दोष होतो.

ज्यांची मुले अन्यत्र आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात : ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून हिवाळी टायर लावल्यास विमा कंपन्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते. ब्रिटिश कोलंबियातील बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून ते लागतात, आणि तेथे ‘एम अधिक एस’ चालते. जर्मनीत तारखेची नव्हे, रस्त्याच्या अवस्थेची अट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तेथेही डोंगराची खूणच लागते. आपल्या वडोदऱ्यात कोणी हिवाळी टायर खपवू लागला तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा. मऊ रबर उन्हात झपाट्याने झिजते आणि तापलेल्या रस्त्यावर पकडही कमी देते.

खरेदीची वेळ आली तेव्हा प्रश्न पैशाचा होता. जावयांची नोकरी नवी, कन्या बाळासाठी घरी. त्यांनी आधी सुचवले की पुढची दोनच चाके बदलावीत. हा मोह पुष्कळांना होतो आणि तो धोक्याचा आहे. पुढची चाके धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर गाडीची शेपटी पुढे येऊन गाडी भोवऱ्यासारखी फिरते. घ्यायचे तर चार, तेही एकाच जातीचे. मग त्यांनी एका गृहस्थाकडून वापरलेला चारांचा संच अगदी स्वस्तात ठरवला. आम्ही दोघे पाहायला गेलो. टायर दिसायला देखणे होते, खाचा खोल, डोंगराची खूणही ठसठशीत. जावई पैसे काढणार तोच मी खाली बसून टायरची कड चाचपू लागले. तीन दशके लसीची प्रत्येक कुपी टोचण्यापूर्वी तारीख पाहण्याची सवय, ती कोठे जाते! टायरवरही तारीख असते. लांबलचक सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी लंबगोलात चार आकडे : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तेथे ४११२ असे होते. म्हणजे २०१२ सालचा एक्केचाळिसावा आठवडा. अकरा वर्षांचे रबर. खाचा शाबूत असल्या तरी मऊपणा केव्हाच गेलेला, आणि आपण पैसे मोजतो ते मऊपणाचेच. शीतसाखळी तुटलेली लस जशी कुपीत स्वच्छच दिसते, तसे ते होते.

“आई, चला,” जावई एवढेच म्हणाले.

नव्या संचाला, वेगळ्या लोखंडी रिमसह, साधारण बाराशे डॉलर पडणार होते. आपले सत्तर हजारांहून अधिक. मी देते म्हटले, तर जावई ऐकेनात. मुलीचे डोळे मला गप्प राहायला सांगत होते. दोन दिवस घरात कोणी टायरचे नावही काढले नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन मी म्हटले, “हे पाहा, पाळणा आजोळाने द्यायचा असतो. बारशाला आम्हांला येता आले नाही. दोरीचा पाळणा तुमच्या या छताला टांगताही येणार नाही. तो तसाच राहिला आहे. आता ती झोपते ती मुख्यतः गाडीतच. तेव्हा हा पाळणाच समजा, नाही म्हणू नका.” जावई हसले, आणि मग हसता हसता त्यांचा आवाज बदलला. त्या सकाळपासून चौकातली ती बाई आणि तो मुलगा त्यांच्याही डोळ्यांसमोरून हलले नव्हते, हे त्यांनी तेव्हा प्रथम सांगितले. मीही माझ्या उन्हाळ्यातील सल्ल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. सासूने जावयाची क्षमा मागण्याचा आमच्या घराण्यातील हा बहुधा पहिला प्रसंग.

मग गाडीला साजेसे माप पाहिले : २२५/६५ आर १७, १०२. यातील २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, १७ हा रिमचा इंचांतील व्यास. १०२ हा भारांक, म्हणजे प्रत्येक टायरला ८५० किलोग्रॅम पेलता येतात. भारांक मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नये. वेगाचे अक्षर मात्र हिवाळी टायरला एक पायरी खालचे चालते. खिळ्यांचे टायर क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे या काळात चालतात, परंतु मोकळ्या रस्त्यावर त्यांचा फार आवाज होतो आणि शहरात रस्ते लवकर साफ होतात, म्हणून ते आम्ही सोडले. ‘ऑल वेदर’ नावाचाही एक प्रकार आहे. नाव ‘ऑल सीझन’सारखे फसवे, पण त्याच्यावर डोंगराची खूण असते आणि तो बारा महिने ठेवता येतो. सौम्य हिवाळ्याच्या गावी तो पुरेसा ठरावा. माँट्रियलमध्ये आणि घरात बाळ असताना मला तो पटला नाही. वेगळे रिम घेण्याचे कारण असे की दर सहा महिन्यांनी टायर रिमवरून उतरवून पुन्हा चढवण्यात पैसे जातात आणि टायरच्या कडाही दुखावतात.

शेवटी जो संच घेतला तो फिनलंडमधील नोकिया गावच्या परंपरेतला. भ्रमणध्वनीमुळे हे नाव आपल्याला परिचित. मूळ मुळे मात्र कागद आणि रबर यांची. तेथील रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी. जेथे वर्षातील निम्मे दिवस बर्फ, तेथेच ही गरज आधी कळणार.

टायर बसवून घ्यायला गॅरेजची वेळ मिळता मिळता नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. सारे गाव तेव्हाच जागे होते. पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबरातच वेळ घ्यावी, असे जावयांनी लिहून ठेवले. मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी बजावल्या. नटबोल्ट शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत, आणि हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी, कारण पारा साधारण साडेपाच अंशांनी उतरला की टायरमधील दाब एका पौंडाने उतरतो. टायरच्या खाचा ४.८ मिलिमीटरहून उथळ झाल्या की तो हिवाळ्याच्या आरंभी वापरू नये, हेही त्यानेच सांगितले. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे, पण तेवढ्या खोलीत बर्फ कसला मावणार?

माझ्या बाजूने मी एका गोष्टीची भर घातली. हिमवर्षावानंतर मोटार सुरू करण्याआधी धूर बाहेर जाण्याची नळी मोकळी करावी. ती बर्फाने बुजली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, आणि तोही नेमका आपण बाळाला ‘ऊब मिळावी’ म्हणून आधी आत बसवून बाहेर बर्फ खरवडत असताना. त्याला वास नाही, रंग नाही. बाळ झोपलेलेच वाटते. म्हणून आधी नळी, मग काचा, आणि बाळ सर्वांत शेवटी.

डिसेंबरच्या पहिल्या मोठ्या बर्फानंतर जावयांनी मला एका रिकाम्या वाहनतळावर नेले. बाळ घरी होते. ताशी तीस किलोमीटरवर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबला. तोच खडखडाट झाला, माझ्या हातांनी आपोआप समोरचा दांडा धरला, आणि गाडी थांबली. लगेच नव्हे, पण जेथे थांबेल असे वाटले होते तेथे. त्यांनी असे पाच-सहा वेळा केले, वळणे घेऊन पाहिली. नंतर त्याच उतारावरून आम्ही घरी आलो, चौकापर्यंत कोणी बोलले नाही.

मी फेब्रुवारीत परतले. एप्रिलमध्ये कन्येने एक छायाचित्र पाठवले. उन्हाळी टायर पुन्हा बसवून झाले होते आणि हिवाळी संच पिशव्यांत भरून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला होता. पुढच्या वेळी चाकांची जागा बदलता यावी म्हणून कोणते कोठले याची खूण करावी लागते. जावयांनी प्रत्येकावर खडूने ‘पु. डा.’, ‘पु. उ.’, ‘मा. डा.’, ‘मा. उ.’ असे मराठीत लिहिले होते. ऑक्टोबरात गॅरेजमधला फ्रेंच मिस्त्री ती अक्षरे पाहून चक्रावला आणि अखेर जावयांना प्रत्येक चाकापाशी स्वतः उभे राहावे लागले.